अत्तारचाचांचे तीन प्रश्न

मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी अत्तारचाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे जेमतेम तीन फळ्यांची जागा. मागे भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर खडूनं लिहिलेलं नाव, निम्मी नावं उर्दूत, निम्मी मराठीत. पुढे पितळी तागडी, खलबत्ता आणि रद्दी कागदाचा गठ्ठा. बाळगुटीचं सामान न्यायला गल्लीतल्या सगळ्या घरांतल्या आज्या तिथंच यायच्या. माझी दादीही आणि शेजारच्या काकूंच्या सासूबाईही. अत्तार म्हणजे सुगंध आणि औषधं विकणारा. फारसीतले थोर सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार यांचा निशापूरला हाच व्यवसाय होता, त्यावरून त्यांना ते नाव पडलं. हे मला पुढे बी.ए.ला असताना कळलं आणि चाचांविषयीचा माझा आदर उगीचच वाढला.

चाचांकडे जाऊन कोणी ‘दोन रुपयांचं अमुक द्या’ म्हटलं, की त्यांचा हात लगेच खणाकडे जात नसे. आधी ते आपल्या दखनीत तीन प्रश्न विचारत. ‘किसकू? कायकू? और क्या चालू है?’ म्हणजे कोणाला हवंय, कशासाठी हवंय आणि आणखी कोणती औषधं चालू आहेत? उत्तरं पटली तर पुडी बांधत. नाही पटली तर ‘डॉक्टरकू दिखाव’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवत. मिरज हे डॉक्टरांचं गाव, त्यामुळे पाठवायला अडचण नव्हती. पण असं करून चाचांचं दुकान चालतं कसं, हे मला लहानपणी कोडं वाटायचं.

आज ते दुकान नाही आणि चाचाही नाहीत. आता मोबाइलवर बोट टेकवलं की औषधी पाकीट दारात येतं आणि विकणारा एकही प्रश्न विचारत नाही. आजीबाईच्या बटव्याकडे नव्यानं वळलेली तरुण मंडळी मला विचारतात, ‘सुरुवात कोणत्या वनस्पतींपासून करू?’ मी वैद्य नाही, हकीम नाही. मराठीचा साधा बी.ए. आणि कविता करणारा माणूस. पण चाचांचे प्रश्न विसरल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असं मी धरून चालतो.

गोष्ट २०१८च्या हिवाळ्यातली. कविसंमेलनांचे दिवस होते. रोज वेगळं गाव, रात्रीची जागरणं, गार हवा. माझा आवाज बसला. एका ज्येष्ठ कविमित्रानं सल्ला दिला, ‘ज्येष्ठमध चघळा.’ सल्ला चुकीचा नव्हता. गवई, कीर्तनकार, शाहीर सगळेच वापरतात. मला त्या गोड काडीची चटक लागली. दिवसभर तोंडात काडी आणि रात्री कोमट पाण्यात चमचाभर चूर्ण. आवाज सुटला, पण काडी काही सुटली नाही. दीड महिना गेला. मग पाय सुजायला लागले. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. जिना चढताना मांड्यांत जोर राहिना. एके सकाळी डोकं इतकं दुखलं की डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब निघाला १८० वर ११०. गंमत म्हणजे रक्तदाबाची गोळी मी तीन वर्षांपासून नियमानं घेत होतो.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. पोटॅशियम बरंच खाली गेलेलं. त्यांनी विचारलं, ‘गोळीशिवाय आणखी काय घेता?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, ‘काहीच नाही.’ मी खोटं बोलत नव्हतो. ज्येष्ठमध हे औषध आहे, हेच माझ्या ध्यानीमनी नव्हतं. शेवटी शेजारी बसलेली बायको म्हणाली, ‘अहो डॉक्टर, दिवसभर काडी चघळत असतात ना!’

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं. ज्येष्ठमधाची गोडी ज्या द्रव्यामुळे आहे, तेच द्रव्य आपल्या शरीरातला एक बंदोबस्त मोडतं. कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक मूत्रपिंडात निष्प्रभ करण्याची सोय असते, ती बंद पडते. मग मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. मीठ-पाणी साठलं की रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटलं की स्नायू ढिले पडतात आणि हृदयाची लयही बिघडू शकते. चार दिवस घसा बसला म्हणून काडी चघळणं वेगळं, रक्तदाबाच्या माणसानं दीड महिना ती चघळणं वेगळं. काडी बंद केली आणि काही आठवड्यांत सगळं पूर्ववत झालं. घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं, की डॉक्टरांनी मला विचारला तो अत्तारचाचांचा तिसरा प्रश्न होता. ‘और क्या चालू है?’

तेव्हा नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पहिली गोष्ट मनावर ठसवावी. वनस्पतीत गुण असेल तर दोषही असणार. जे शरीरात काहीतरी करतं तेच औषध आणि जे काहीतरी करतं ते नको तेही करू शकतं. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असं कोणी म्हणालं तर त्याला दारातली कण्हेर दाखवावी. तीही नैसर्गिकच आहे आणि मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे.

मग सुरुवात कशापासून करावी? माझा नियम सोपा आहे. ज्या वनस्पती तुम्ही अंधारात वासावरून ओळखाल आणि ज्या तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोटात गेल्या आहेत, तिथून सुरुवात करा. अशा सहा-सात पुरेत. चार स्वयंपाकघरातल्या, दोन कुंडीतल्या आणि एक दुकानातून आणलेली.

स्वयंपाकघरातलं पहिलं नाव आल्याचं. मळमळीवर आलं उपयोगी पडतं, ही केवळ आजीची समजूत नाही, आधुनिक अभ्यासांनीही त्याला बराच दुजोरा दिला आहे. गाडी लागणाऱ्यानं प्रवासाआधी आल्याचा छोटा तुकडा मीठ लावून चघळावा. मात्र आलं आणि सुंठ यांचं माप एक धरू नये. आलं वाळताना त्यातल्या तिखट द्रव्याचं रूपांतर अधिक तिखट द्रव्यात होतं, म्हणून सुंठ चिमटीनंच घ्यायची. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर भाजी-चहातल्या आल्यापलीकडे जाऊ नये.

दुसरी हळद. आम्ही सांगली-मिरजेकडची माणसं हळदीच्या पेवांच्या मुलखात वाढलो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं, संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्या दाखल्यांत उर्दूही होती, याचं मला अप्रूप आहे. पण अभिमान वेगळा आणि मात्रा वेगळी. भाजीतली, दुधातली हळद निर्धोक आहे. हळदीचा अर्क काढून, त्यात मिऱ्याचा अर्क घालून केलेल्या तीव्र कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे. मिऱ्यामुळे हळदीतलं द्रव्य रक्तात कितीतरी जास्त शोषलं जातं. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलियात झाल्या आहेत. आपली हळद डब्यातली, चमच्यानं मोजायची. आणि खोल जखमेवर हळद भरू नये. जखम स्वच्छ पाण्यानं धुऊन दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं.

तिसरा ओवा, चौथी बडीशेप. जेवणानंतर पोट फुगलं तर पाव चमचा ओवा तळहातावर चोळून कोमट पाण्याबरोबर घ्यावा. चोळल्यावर नाकात जो झणका बसतो तो थायमॉलचा. वास येत नसेल तर ओवा जुना झाला, फेकून द्यावा. बडीशेप त्याहून सौम्य. तिच्याबद्दल फार बोलायला नको, ती आपली साधी, गुणी मुलगी आहे.

कुंडीतल्या दोन म्हणजे तुळस आणि कोरफड. लहानपणी आमच्या दारात सब्जाची कुंडी होती आणि शेजारच्या काकूंच्या अंगणात तुळशीवृंदावन. दर्ग्यात फुलांबरोबर सब्जा वाहतात, काकू तुळशीला पाणी घालत. तुळस आणि सब्जा एकाच कुळातल्या, चुलतबहिणीच म्हणा ना. आम्हाला सर्दी झाली की काकू तुळशीची पानं द्यायच्या. संध्याकाळ झाली असेल तर मात्र ‘आता तोडायची नाही हो’ म्हणून सकाळी आणून द्यायच्या. उन्हाळ्यात आमच्याकडचं सब्जाचं बी त्यांच्या सरबतात जायचं. सर्दीत चार-पाच पानांचा गरम काढा घशाला शेक देतो आणि बरं वाटतं. एवढीच अपेक्षा ठेवावी. सब्जाचं बी मात्र भिजवून, पुरतं फुगवूनच घ्यावं. कोरडं बी लहान मुलाच्या घशात अडकू शकतं.

कोरफडीत दोन औषधं राहतात आणि ती एकमेकांसारखी नाहीत. आतला पारदर्शक गर किरकोळ भाजल्यावर लावायचा, तोही भाजलेला भाग वीस मिनिटं नळाखाली धरल्यावर. सालीलगतचा पिवळा, कडू चीक हे दुसरं औषध. तो वाळवला की काळा बोळ होतो. तो जबर रेचक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ मध्ये विनाचिठ्ठी मिळणाऱ्या रेचकांतून कोरफड बाद केली ती याच चिकामुळे. म्हणून पान कापलं की उभं ठेवून चीक निथळू द्यावा, धुवावं, मगच गर काढावा. नवशिक्यानं कोरफड लावावी, पोटात घेऊ नये.

दुकानातून आणायची सातवी वस्तू इसबगोल. हा शब्द फारसीतून आला आहे. त्याचा अर्थ घोड्याचा कान. त्या बीचा आकार तसाच असतो. ज्यानं हे नाव ठेवलं तो नक्की कवी असणार! बद्धकोष्ठावर भुशीचा एक चमचा पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी प्यावं. कोरडा कधीच घेऊ नये, अन्ननलिकेतच फुगून अडकतो. दुसऱ्या गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर गोळी त्यात गुरफटून बाहेर पडते.

या झाल्या सात. वर्षभर एवढ्याच वापराव्यात. एका वेळी एकच वनस्पती सुरू करावी आणि वहीत तारीख, माप, काय वाटलं ते टिपावं. अंगावर पुरळ, खाज आली तर थांबावं. आमची दादी गुटी उगाळताना सहाणेवरचे वेढे मोजायची. हळकुंडाचे दोन वेढे, जायफळाचा अर्धाच. ‘जायफळ जास्त झालं तर पोरगं गुंगीत जाईल’ म्हणायची. आज बालरोगतज्ज्ञ सहा महिने फक्त आईचं दूध द्या म्हणतात आणि वर्षाच्या आत मध चाटवू नका असंही सांगतात, ते ऐकावं. पण दादीची वेढे मोजण्याची शिस्त मात्र घ्यावी. ‘थोडंसं’ हे माप नव्हे.

आता खरेदीचं. चाचा चूर्ण विकत नसत. सगळं अख्खं द्यायचे, घरी कुटा म्हणायचे. त्यांचं म्हणणं, कुटल्यावर सगळे एकाच रंगाचे होतात. माणसांच्या बाबतीत ते चांगलं आहे, औषधाच्या बाबतीत नाही. अख्ख्या मुळीला, बीला, सालीला चेहरा असतो. हळकुंडसुद्धा वरून फार झळझळीत पिवळं दिसलं तर घेऊ नये. चकाकी येण्यासाठी शिशाचा रंग लावण्याचे प्रकार झालेले आहेत. फोडून आतला रंग पाहावा. घरी आणलं की काचेच्या बरणीत, शेगडीपासून लांब ठेवावं आणि बरणीवर नाव, तारीख लिहावी.

नावांचा घोळ तर विचारू नका. ‘काळं जिरं’ मागा, एक दुकानदार कलौंजी देईल, दुसरा शहाजिरं आणि तिसरा कडू जिरं. तिन्हींचे गुण वेगळे. आमच्या घरांत कलौंजीला धार्मिक मान आहे, म्हणून तर ती नीट ओळखूनच आणावी. ब्राह्मी म्हणून दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. कुंडीतला भजीचा पानओवा आणि डब्यातला ओवा यांचा वास जवळचा, पण झाडं निराळी.

या घोळाचं गंभीर उदाहरण गुळवेलीचं. कोविडच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांमधून मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी. तज्ज्ञांचा वाद तज्ज्ञ जाणोत. आपल्यासाठी दोन्ही बाजूंचा निष्कर्ष एकच निघतो. जी वेल खात्रीनं ओळखता येत नाही आणि जिचं माप ठाऊक नाही, ती वैद्यांच्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घेऊ नये. अश्वगंधा, ज्येष्ठमध यांनाही माझ्या यादीत जागा नाही, ती याच कारणानं. त्या वाईट नाहीत. त्या दुसऱ्या इयत्तेच्या आहेत.

चाचांचा दुसरा प्रश्न, ‘कायकू?’ म्हणजे कशासाठी? घरगुती औषध किरकोळ आणि आपोआप बरं होणाऱ्या दुखण्यासाठी. सर्दी, गॅस, मळमळ, बद्धकोष्ठ, थोडंसं भाजणं. छातीत दुखणं, श्वास लागणं, साप चावणं, तीन दिवसांवर गेलेला ताप, शौचातून रक्त यांसाठी बटवा उघडूच नये. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी. तपासणी मोफत असते आणि क्षयरोग लवकर सापडला तर बरा होतो. कावीळ झाली की आपल्याकडे अजून गळ्यात माळ घालतात. माळ वाढत जाते आणि आतल्या आत यकृत बिघडत जातं. असं गेलेलं माणूस मी पाहिलं आहे.

राहिला पहिला प्रश्न, ‘किसकू?’ तोच सगळ्यांत महत्त्वाचा. एकच काढा वडिलांना चालेल, पण नातवाला चालेलच असं नाही. अडुळशाचंच पाहा. खोकल्यावरचं आपलं जुनं औषध. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्याचा अभ्यास करूनच पुढे ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधं तयार झाली. आज कितीतरी खोकल्याच्या बाटल्यांवर ही नावं असतात. पण तेच व्हॅसिसीन गर्भाशयाचं आकुंचन घडवू शकतं. चाचांनी व्हॅसिसीनचं नाव ऐकलेलं नसणार. पण तरुण बाई अडुळसा मागायला आली, की मान खाली घालून ते हळूच विचारायचे, ‘पेट से तो नई ना, बेटी?’

मागच्या पावसाळ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. ‘अब्बा, आठ दिवस झाले, खोकला जात नाही. आमच्या सोसायटीच्या बागेत अडुळसा आहे. काढा करून घेऊ?’ ज्येष्ठमधाच्या आधीचा मी असतो तर म्हणालो असतो, घे की, आम्ही लहानपणी तोच पीत होतो. पण आता सवय लागली आहे. मी विचारलं, ‘कोणाला हवाय? तुलाच ना? तुझं आणखी काय चालू आहे?’

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती हळूच म्हणाली, ‘अब्बा, जरा अम्मीकडे फोन द्या.’

मी फोन बायकोकडे दिला. ती ऐकत गेली आणि ऐकता ऐकता तिनं डोळ्यांना पदर लावला. मग माझ्याकडे बघून मानेनंच ‘नाही’ म्हणाली. अडुळसा नाही. लेक दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनी सांगितलं तेवढंच घेतलं आणि मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या केल्या. खोकला गेला.

नात आता रांगते आहे. तिच्यासाठी मी कसलंही औषध आणलेलं नाही. बाल्कनीत दोन कुंड्या तेवढ्या ठेवल्या आहेत, एक सब्जाची, एक तुळशीची. मोठी झाली की पानं चोळून दोन्हींचे वास ओळखायला शिकवीन. औषध म्हणून तिला काय द्यायचं, ते पुढचं पुढे.